बाबांची कामं कोणाच्या वाट्याला?

प्रश्न

ताई, नाताळ जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो, हे लिहायलाही लाज वाटते. मी वसईची सून. अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. सकाळी पावणेआठची गाडी, घरी पोचायला रात्रीचे साडेआठ. मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत. डिसेंबरअखेर ऑफिसात क्लोजिंग असतं, त्यामुळे 24 ला अर्धा दिवस आणि 25 ची सुट्टी, एवढंच मिळतं.

सासूबाईंचे गुडघे गेलेत, ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही. पण फराळ घरचाच हवा. कलकल, नेवऱ्या, मिल्क क्रीम, मार्झिपान, डेट रोल, केक, पेरूची चीज. शिवाय 25 ला सोरपोतेल आणि इंद्याल हे मांसाचे पदार्थ आणि तळलेले फुगे. मागच्या नाताळच्या आधी काही महिने सासरे गेले, म्हणून तेव्हा घरात काहीच केलं नव्हतं, शेजाऱ्यांनी फराळ आणून दिला. यंदा सासूबाई म्हणतात, सगळं पूर्वीसारखं झालं पाहिजे. बाबा होते तेव्हा पेंढा आणणं, चांदणी बांधणं, मिल्क क्रीम घोटणं, शेजारी ताटं पोचवणं हे सगळं ते करायचे.

नवरा चांगला आहे. पण डिसेंबर लागला की रात्री बारा-एकपर्यंत नाक्यावरच्या गोठ्यात, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात, पोरांबरोबर. घरचा गोठा मी लावते. मोठ्या जाऊबाई दोन मुलांना घेऊन 21 ला कुवेतहून येतायत. 27 ला मामेनणंदेचं लग्न आहे. दिवाळीत शेजारपाजारहून सात ताटं आली होती, त्यांना नाताळचं ताट नको का जायला? दोन वर्षांपूर्वी चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साला मी बसल्या बसल्या झोपले, सासूबाईंनी कोपरानं उठवलं. कधी कधी गाडीत उभ्या उभ्या रडू येतं.

यंदा सगळं विकत आणायचं, असं सासूबाईंना कसं सांगू?

— वसईची एक सून

उत्तर

प्रिय मुली,

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार 30 नोव्हेंबरला झाला. हे उत्तर तू वाचशील तेव्हा हाताशी तीनच शनिवार-रविवार असतील, म्हणून लांबण लावत नाही.

‘सगळं विकत आणायचं, असं कसं सांगू’ असं विचारलंस. माझं म्हणणं, तसं सांगूच नकोस. विकत आणण्यात कमीपणा आहे म्हणून नव्हे. वसईत घरोघरी बायका नाताळच्या ऑर्डरी घेतात, उत्तम करतात आणि त्यांच्या हातालाही चार पैसे मिळतात. पण तुझ्या सासूबाई यंदा जे मागतायत ते दुकानात मिळणारं नाही. आणि फराळाचे सगळे डबे आयते आले तरी तुझं ओझं फारसं उतरणार नाही. तू लिहिलेली यादी मी दोनदा वाचली. त्यात फराळ अर्धाच आहे.

उरलेलं अर्धं तू एका वाक्यात उरकलंस. पेंढा, चांदणी, मिल्क क्रीम घोटणं, ताटं पोचवणं. ही बाबांची कामं. बाबा गेले, तेव्हा ती कोणी करायची हे घरात कोणी ठरवलं का? मागच्या वर्षी प्रश्नच आला नाही, कारण दुखवट्याच्या घरात फराळ करत नाहीत. शेजारचे आणून देतात, ती आपली जुनी रीत आहे आणि फार चांगली रीत आहे. यंदा मात्र ‘पूर्वीसारखं’ म्हटल्याबरोबर ती चारही कामं परत उभी राहिली आणि काही न बोलता तुझ्या अंगावर आली. तुझी स्वतःची कामं तर आहेतच. दोन माणसांचा नाताळ तू एकटी करायला निघाली आहेस, तोही दिवसाचे तेरा तास घराबाहेर राहून. पोटात गोळा येईल नाही तर काय? लाज वाटण्यासारखं त्यात काहीही नाही.

म्हणून पहिलं बोलणं सासूबाईंशी नाही, नवऱ्याशी. आणि ते रात्री एक वाजता तो गोठ्यावरून दमून आल्यावर करू नकोस. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर, मुलांना घरी पाठवून, दोघंच थोडं मागे राहा. त्याला ‘मला मदत कर’ म्हणू नकोस. मदत म्हटलं की काम तुझंच राहतं आणि तो येता-जाता हात लावतो. सरळ सांग, ‘बाबांची चार कामं आहेत. ती आता तुझी. कधी, कशी, कुठून, ते तू बघायचं. मी विचारणार नाही आणि आठवणही करणार नाही.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे आणि ते पाळणं तुला जड जाणार आहे. पेंढा 22 तारखेपर्यंत आला नाही तर तुझे हात शिवशिवतील. जाऊ नकोस. पेंढ्याशिवाय गोठा राहिला तर राहू दे, तो प्रश्न त्याचा त्याला सोडवू दे.

नाक्यावरचा गोठा त्यानं सोडावा असं मी म्हणणार नाही. गावातल्या पोरांनी रात्र रात्र जागून कागदाचे डोंगर करणं, पाणी खेळवणं, दिवे लावणं, यातच पुढची पिढी एकमेकांना धरून राहते. मला त्या गोठ्यांचं फार कौतुक आहे. पण आठवड्यातल्या दोन रात्री तरी त्यानं नऊ वाजता घरी असलं पाहिजे, आणि त्या दोन रात्री कोणत्या हे त्याच बोलण्यात ठरलं पाहिजे. त्याचे मित्रही कोणाचे तरी नवरे आहेत, त्यांनाही हे ऐकू गेलं तर बरंच होईल.

आता सासूबाई. मी त्यांना ओळखत नाही, पण त्यांच्या ‘पूर्वीसारखं’चा अर्थ मला सात पदार्थ असा वाटत नाही. नवरा गेल्यानंतर चूल पेटवून करायचा हा त्यांचा पहिला नाताळ आहे. इतकी वर्षं डिसेंबरात ज्या माणसाबरोबर घर सजवलं तो माणूस नाही, गुडघे साथ देत नाहीत, आणि सून कमावती, तिच्याकडे वेळ नाही. त्यांच्याकडे स्वतःचं म्हणावं असं काय उरलं? फराळ. तिथे त्यांना सगळं येतं. म्हणूनच ‘आई, तुम्ही आता आराम करा’ हे वाक्य तुझ्या तोंडून प्रेमानं आलं तरी त्यांना टोचेल. त्यांना आरामाऐवजी कारभार दे.

असं म्हणून बघ: ‘आई, मला तीन शनिवार-रविवार मिळतात. एवढ्यात घरी तीन पदार्थ नीट होतील. कोणते करायचे ते तुम्ही सांगा. बाकीचे कोणाकडून आणायचे तेही तुम्हीच सांगा, तुम्हाला माहितीये कोणाचा हात चांगला आहे.’ मग गप्प बस. त्या आधी म्हणतील, ‘तीन कसे पुरतील?’ त्यावर उत्तर देऊ नकोस, वाद घालू नकोस. संध्याकाळपर्यंत त्या स्वतःच मोजायला लागतील. निवड त्यांची असली की विकतच्या डब्याला त्या नाक मुरडणार नाहीत, उलट आल्या-गेल्याला सांगतील की हिच्याकडचे डेट रोल मीच मागवले.

त्यांनी कोणते तीन निवडावेत हे मी सांगणं बरोबर नाही, पण माझा अंदाज सांगते. कलकल असणार, मिल्क क्रीम असणार, आणि बहुधा नेवऱ्या. तसं असेल तर कामाची लावणी अशी बसते.

कलकल सगळ्यात आधी, 7 तारखेच्या संध्याकाळी. घट्ट झाकणाच्या डब्यात ते दोन-तीन आठवडे सहज टिकतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ढकलण्याचं काही कारण नाही. मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, अंडं, साखर, लोणी. तुमच्या घरचं प्रमाण सासूबाईंना तोंडपाठ असणार. पीठ त्या बसल्या बसल्या मळतील. मग जेवणाच्या टेबलावर, नाहीतर खाली चटई टाकून, सगळ्यांना बसव. प्रत्येकाला एक काटा दे. वाटाण्याएवढी गोळी काट्याच्या मागच्या बाजूवर अंगठ्यानं दाबून पसरायची आणि टोकापासून गुंडाळत आणायची, की शिंपल्यासारख्या रेघा उठतात. शेवटची कड चिमटीत दाबून बंद करायची. ती राहिली तर कलकल तेलात उलगडतो. तुझी पाचवीतली मुलगी दहा मिनिटांत शिकेल, दुसरीतला मुलगा वाकडेतिकडे करेल, ते तसेच तळायचे. पिठावर ओला फडका हवा, नाहीतर हात भरभर चालत नसले की ते सुकतं आणि चिरतं. तळण तू कर, आच मध्यम ठेव. या एका संध्याकाळी टीव्ही बंद आणि नवरा घरी, एवढी अट घाल. किलोभर पिठाला चार माणसं बसली तर काम हां हां म्हणता उरकतं. एकटीनं बसलीस तर मध्यरात्र होते.

पेरूची चीज करायची असेल तर हाच मोसम आहे, बाजारात पेरू भरपूर आहेत, आणि तीही टिकते. पण तिला आणि मिल्क क्रीमला दोन्हीला दांडगा हात लागतो. दोन्ही घरी करण्याचा अट्टहास नको.

मिल्क क्रीम 13 किंवा 14 ला. दूध, साखर आणि काजूची पूड एकत्र करून मंद आचेवर आटवत ठेवायचं आणि हात एक क्षण थांबवायचा नाही, नाहीतर बुडाला लागतं आणि सगळ्याला तो वास येतो. गोळा कडा सोडायला लागला, कालथ्याबरोबर एकत्र फिरायला लागला की उतरवायचं, थोडं निवल्यावर तूप लावलेल्या साच्यात दाबायचं. हे बाबांचं काम होतं. आता तुझ्या नवऱ्यानं कालथा हातात घ्यायचा आणि सासूबाईंनी शेजारी खुर्ची टाकून बसायचं. ‘झालं का’ हे त्यांनी बघायचं. बाबा कसे घोटायचे, मध्येच काय म्हणायचे, कुठला साचा त्यांच्या आवडीचा, हे तिथे आपोआप निघेल. निघू दे. डोळ्यांतून पाणी आलं तर येऊ दे. तू मध्ये पडून विषय बदलू नकोस, वाटल्यास तेवढा वेळ गच्चीवर कपडे काढायला जा. आई आणि मुलगा त्या पातेल्यापाशी तासभर एकत्र उभे-बसलेले राहिले तर सासूबाईंना जे ‘पूर्वीसारखं’ हवंय त्यातलं बरंच मिळेल.

साचे आत्ताच शोधून ठेवा. वर्षभर न वापरलेली वस्तू ऐन वेळी सापडत नाही आणि मग त्याच्यावरून भांडणं होतात.

नेवऱ्यांचं मात्र सारणावर अवलंबून आहे. ओल्या नारळाच्या नेवऱ्या फार टिकत नाहीत, त्या करायच्या तर 23 च्या रात्री, आणि ती रात्र तुझ्याकडे नाही. सुक्या खोबऱ्याचं, रवा-तीळ-वेलचीचं सारण केलं तर 20 तारखेला करून ठेवता येतील. सासूबाई ओल्या नारळावर अडून बसल्या तर जाऊबाई येतायत ना 21 ला? त्यांच्यावर सोपवायच्या.

जाऊबाईंबद्दल तू फक्त ‘येतायत’ एवढंच लिहिलंस, पाहुण्या आल्यासारखं. त्या पाहुण्या नाहीत. त्याही त्याच घरच्या सून आहेत आणि बाबा त्यांचेही सासरे होते. परदेशातून येणाऱ्या माणसाला इथल्या कामात शिरायचं असतं, पण कुठून शिरावं ते कळत नाही, आणि आपण ‘तुम्ही बसा हो, दमून आलात’ म्हणून त्यांना बाहेरच ठेवतो. आजच फोन कर. ‘वहिनी, 22 आणि 23 ला मी पूर्ण दिवस आणि 24 ला अर्धा दिवस ऑफिसात आहे. ते तीन दिवस स्वयंपाकघर तुमचं. आईंशी ठरवून घ्या.’ आधी सांगितलं तर त्या आनंदानं करतील. विमानतळावरून घरात पाय ठेवल्यावर सांगितलंस तर तो हुकूम वाटेल. केकची सुकी फळं रममध्ये भिजत घातली नसतील तर आता फार उशीर झाला असं समजू नकोस. संत्र्याच्या रसात मंद गरम करून रात्रभर मुरवली तरी चांगला केक होतो. किंवा केक बेकरीतून. केकवर कोणाचं अडत नाही.

25 च्या जेवणाचं. सोरपोतेल व्हिनेगरमुळे मुरतं आणि करून ठेवल्यावर अधिक चांगलं लागतं, हे मी तुला सांगायला नको. रविवारी 21 ला करून फ्रीजमध्ये ठेवा, 25 ला लागेल तेवढंच काढून नीट उकळा. इंद्यालचा मसाला 24 ला वाटून ठेवला की सकाळी फोडणीचं काम. दोन्ही हवंच का, हा प्रश्न मात्र विचार. आठ माणसांना एक मांसाहारी पदार्थ, भात, एक कोशिंबीर आणि फुगे हे भरपूर जेवण आहे. फुग्यांचं पीठ अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून कढईत सोडण्याची हातोटी असते, आणि ते गरम असले की जास्त चांगले लागतात. नाताळच्या दुपारी एक बाई फुगे तळत उभी आणि बाकीचे जेवतायत, हे मला मुळीच पटत नाही. फुगे गावातल्या बाईंकडून मागवा. ऑर्डर या आठवड्यात द्या, 15 तारखेनंतर कोणी घेत नाही.

ताटांचं तर सोपं आहे. दिवाळीत सात ताटं आली, ती तुम्हाला आनंद व्हावा म्हणून आली. ती 24 च्या आत परत गेली पाहिजेत असं शेजारणींपैकी एकीनंही मनात आणलं नसेल. नाताळ 25 ला संपत नाही, 25 ला सुरू होतो. आपला उपासनेचा नाताळकाळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, म्हणजे यंदा 11 जानेवारीपर्यंत. तीन राजांचा सण मुळात 6 जानेवारीचा, आपल्याकडे तो रविवारी करतात, यंदा 4 तारखेला. एवढे दिवस हाताशी आहेत आणि आपण सगळं 24 च्या संध्याकाळी कोंबतो! ताटं 28 च्या रविवारी जाऊ देत. तुझी दोन आणि जाऊबाईंची दोन, चार मुलं दारोदार जातील, एकेका घरी थोडी टेकतील. बाबांची ही रीत नातवंडांनी पुढे चालवली, तर सासूबाईंना वेगळं काही सांगावं लागणार नाही. ताटात सात पदार्थ हवेत असंही नाही. थोडे कलकल, दोन नेवऱ्या, मिल्क क्रीमचे दोन तुकडे. वाडीतली सुकेळी घरात असतील तर तीही ठेव. वसईच्या घरून आलेल्या ताटात वसईची सुकेळी असावीत, असं मला मनापासून वाटतं.

आणि हो, यंदा तुमच्या गावात कुणाकडे दुखवटा असेल, तर ते ताट मात्र 24 लाच गेलं पाहिजे. मागच्या वर्षी तुमच्याकडे आलं होतं.

घरच्या गोठ्याचं काय? तो पूर्णपणे मुलांना देऊन टाक. 13-14 तारखेला पसरट ताटलीत किंवा जुन्या झाकणात थोडी माती घालून नाचणी पेरायला सांग, आधी रात्रभर भिजवून. रोज पाणी शिंपडायचं, ते त्यांचं काम. नाताळपर्यंत बोटभर हिरवळ येते, तीच गोठ्यापुढचं कुरण. मूर्ती कशा मांडायच्या ते मुलांना ठरवू दे. बाळ येशूची मूर्ती मात्र 24 च्या रात्रीपर्यंत सासूबाईंच्या कपाटात राहू दे, त्यांच्या हातानं ती गव्हाणीत ठेवायची. आणि तीन राजे सुरुवातीला गोठ्यात ठेवूच नका. ते लांब, स्वयंपाकघराच्या खिडकीत. रोज थोडे पुढे सरकवायचे, फ्रीजवर, मग टीव्हीशेजारी, आणि 4 जानेवारीला गोठ्यापाशी पोचवायचे. मुलांना यात जी मजा येते ती दिव्यांच्या माळांत येत नाही, आणि तुला एक पैशाचा खर्च नाही.

गोठा साधा झाला म्हणून सासूबाई हळहळल्या, तर त्यांना ग्रेचोची गोष्ट सांग. बहुतेक त्यांना माहीत असेल. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावी पहिला गोठा मांडला तेव्हा तिथे काय होतं? एक गव्हाणी, चारा, एक बैल आणि एक गाढव. तिथेच मिस्सा झाली आणि गावकरी मशाली घेऊन आले. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला तेवढं पुरलं.

मिस्साविषयी तू लिहिलंस ते वाचून मला फार वाईट वाटलं. तुला झोप लागली याचं नाही, तू त्याबद्दल दोन वर्षं मनात अपराधी राहिलीस याचं. त्या दिवशी तू किती वाजता उठली होतीस? पावणेआठची गाडी पकडणारी बाई साडेपाचला उठते. त्यानंतर ऑफिस, गाडीची गर्दी, तळण, घर आवरणं, मुलांचे नवे कपडे, आणि मग चर्चमध्ये पहिल्यांदा टेकायला मिळालं. शरीरानं झोप घेतली. यंदा रात्रीच्या मिस्साला नवरा, जाऊबाई आणि जाणारी मुलं जाऊ देत. तू आणि सासूबाई 25 च्या सकाळच्या मिस्साला जा. दोन्ही ख्रिस्तजन्माच्याच मिस्सा आहेत, रात्रीची मोठी आणि सकाळची लहान असं काही नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांनाही ते बरं पडेल, सकाळी बसायला जागा मिळते. मिस्सा झाल्यावर दोघी सिमेट्रीत जाऊन या. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, गेला असाल, तरीही नाताळच्या सकाळी जा. फुलं वाडीतली न्या. बाबांशिवायचा नाताळ घरात सगळेच टाळून टाळून बोलत असणार. तिथे दहा मिनिटं उभं राहिलात की घरी परतल्यावर त्यांचं नाव घेणं सगळ्यांना सोपं जाईल.

आता एक गोष्ट जरा काळजीनं सांगते. गाडीत रडू येतं, असं तू लिहिलंस, आणि कधीपासून ते लिहिलं नाहीस. डिसेंबरच्या दगदगीनं येत असेल तर वर सांगितल्याप्रमाणे कामं वाटली गेल्यावर आणि रोज सहा-सात तास झोप मिळाल्यावर कमी होईल. सासरे गेल्याचं दुःख तुलाही आहे, त्याकडे तरी कोणी बघितलंय का? पण जानेवारी उजाडल्यावरही रडू थांबलं नाही, झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना जाऊन सांग. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या नंबरवर दिवसरात्र असते, मराठीतून बोलता येतं. यासाठी वाट बघत बसायचं नाही, आत्ताच गरज वाटली तर आत्ताच फोन कर.

खर्चाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, तरी एक वाक्य. विकतचा फराळ, फुगे, कपडे, लग्नाचा आहेर हे सगळं एका पगारातून जायचं आहे, तर आकडा दोघांनी बसून आत्ताच लिहून काढा. 26 तारखेला तो कळण्यापेक्षा बरं.

राहिलं लग्न. आगमनकाळात लग्नं टाळतात, म्हणून नाताळ झाला रे झाला की आपल्याकडे लग्नांची रांग लागते, आणि आपली लग्नं एका दिवसात आटपत नाहीत. मामेनणंद जवळची असली तरी आधीच्या-नंतरच्या सगळ्या कार्यक्रमांना तू हजर असलंच पाहिजे असं नाही. 26 ला ऑफिस आहे, तर ऑफिसला जा. 27 चा शनिवार आहे, त्या दिवशी लग्नाला आणि जेवणाला सगळे मिळून जा. आदल्या दिवशीच्या विधींना घरातून सासूबाई आणि जाऊबाई जातील, घरची दोन माणसं गेली की मान राखला जातो. हे मामेसासूबाईंना तू स्वतः फोन करून आताच सांग, कोणामार्फत निरोप पाठवू नकोस. आहेराचं पाकीट या आठवड्यातच भरून कपाटात ठेव, आणि लग्नात नेसायची साडी इस्त्रीला देऊन टाक; 20 तारखेनंतर इस्त्रीवाल्याकडे कपडे वेळेवर मिळत नाहीत.

तुझी,
ताई